बाळापूरले बंद पडलेली बस

आमच्या धामणगाव बढ्यात शालिग्रामले कोणी शालिग्राम म्हणत नाही, कॅप्टन म्हणतात. खांद्यावर ती लांबलचक लोखंडी चावी टाकून तो ग्रामपंचायतीचा पाण्याचा व्हॉल्व्ह सोडाले निंघाला, की बाया ओरडतात, "कॅप्टन आला वो, भांडे लावा!" त्रेचाळीस वर्सांचा माणूस, पोट उलसं सुटलेलं, उजव्या पायाचा अंगठा वाकडा. तो अंगठा तो लोकाईले दाखवते. म्हणते, हा अंगठा आज कुठल्या कुठं असता!

कुठं असता अन् काऊन नाही, हे गावात लहानमोठ्या बंद्याईले पाठ हाय. बावीस वर्सांआंधी अकोल्याले निवड होती. तिकडं पूर्वेकडल्या एका मोठ्या कारखान्याची फुटबॉलची टीम, पगार, क्वार्टर, बंदं काही. तालुक्यात शालिग्रामच्या तोडीचा कोणी नव्हता. एकदा त्यानं अर्ध्या ग्राउंडावरून बॉल हाणला तं मारुतीच्या देवळातली घंटी वाजली, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. तं हा अकोल्याले निंघाला, अन् बाळापूरले बस बंद पडली. फॅनबेल्ट तुटला. दुसरी गाडी भेटून पोचेपर्यंत ग्राउंडाच्या गेटाले कुलूप. नाहीतर! ह्या 'नाहीतर'च्या पुढं गाव आपापल्या मनानं भरते. कोणी त्याले कलकत्त्याले पोचवते, कोणी थेट विलायतेले.

मी सहदेव. स्टँडापाशी वेल्डिंगचं दुकान हाय माहं, अन् गावाच्या टीमचा गोलकीपर मीच. त्या बसमध्ये मी शालिग्रामच्या बाजूले बसलो होतो. आता सांगूनच टाकतो, कारण हे पोटात ठेवून ठेवून मले ॲसिडिटी झाली. बस बंद पडली नव्हती. उलट एस्टीनं कधी केलं नसंल असं केलं, टायमाच्या आंधी पोचली.

अकोल्याले ग्राउंडाच्या गेटापाशी उभे राह्यलो तं आत सकाळचा गट खेळून राह्यला होता, आमचा नंबर दुपारचा. पोरं गोल करून उभे अन् बॉल इकडून तिकडं. कोणाच्या पायाले कवा लागला अन् कवा निंघाला, समजेच ना! त्यात एक दुबळं पोरगं होतं, निरी काडी. आभाळातून बॉल येवो नाहीतर सरपटत येवो, त्याच्या पायापाशी आला की झोपून जाय. मी म्हटलं, हे पोरगं तं पक्कं. मंग शिट्टीवाल्या साहेबानं नावं वाचली, अन् त्या पोराचं नाव काही आलं नाही. ते बाहीनं नाक पुसत बाहेर आलं, आमच्या बाजूले बसून बूट सोडले, चपला घातल्या अन् चाललं गेलं.

शालिग्राम त्याच्याकडं पाहतच राह्यला. मंग मले म्हणे, "सहदेव, ह्याले काढलं बे."

बस, एवढंच. बुटाची पिशवी उचलली अन् स्टँडाकडं चालाले लागला. मी मांगं मांगं पळतो, "अबे भैताडा, नाव तं दे! इतक्या दूर आलो!" तं म्हणे, "चूप."

ज्या बसनं आलो तीच परत निंघाली होती, कंडक्टर बी तोच, मिशीवाला. त्यानं इचारलं, "काय रे, इतक्यात झालं बी?" आमी दोघं खिडकीबाहेर पाहत राह्यलो. खामगावले गाडी थांबली तवा भजे खाता खाता आमी ते बस बंद पाडली. जागा बाळापूर ठरली, कारण तठी आमचं कोणी सोयरं नव्हतं. फॅनबेल्ट माही आयडिया. मी वेल्डर माणूस, मले मशीनीचं समजते.

ह्या एका फॅनबेल्टावर गड्याचं बंदं आयुष्य चाललं. तवाचे सरपंच हळहळले अन् त्याले पाण्याच्या कामावर लावून घेतलं. पोरगी पाहाले गेलो तवा पोहे खाता खाता त्यानं बसची गोष्ट अशी सांगतली, की समोर बसलेल्या रेणुकावहिनीनं पदरात तोंड घातलं. आमाले वाटलं, पोरीले रडू आलं. पंधरा दिवसांत सुपारी फुटली.

आता धोंड्याच्या महिन्याचं सांगतो, नाहीतर पुढलं समजणार नाही. तीन वर्सांनी अधिक महिना येते, तवा जावयाले घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून चारायचे, कपडे करायचे. आमच्या बौद्धवाड्यात हा महिना पाळत नाहीत, आमचे जावई बाराही महिने सारखेच. पण गावात त्या महिन्यात एक मॅच होते, जावई विरुद्ध साळे, अन् त्या मॅचले आमी बंदे हजर असतो.

नियम आमचेच, अन् मनातून सांगतो, निरे लबाडीचे. जावयाले दोन वाजता जेवाले बसवायचं अन् पाच वाजता मैदानात उतरवायचं, ते बी आहेराच्या कपड्यात, टोपीसकट. ज्याच्या ताटात जास्त धोंडे तो नशीबवान, म्हणून सासवा आग्रह करून करून वाढतात. त्याईले कोणी सांगतलं हे इचारू नका. जावई धक्क्यानं पडला तं फ्री किक नसते. ज्यानं पाडलं त्यानं बंद्याईसमोर त्याच्या पाया पडायचं. त्यामुळं म्हातारे जावई वारा लागला तरी पडतात. अन् हाफटाइमले बाजू बदलायची नाही, पाव्हण्याईले कायले इकडून तिकडं हिंडवायचं? खरी गोष्ट अशी, की गोलाच्या चौकटी मी वेल्ड केल्या तवा दुसऱ्या चौकटीले अँगल कमी पडला. ते चौकट दीड हात अरुंद झाली. ते आमची.

सहा अधिक महिने झाले, जावई एकबार बी जिंकले नव्हते.

यंदा महिना ऐन उन्हात आला, अन् रुखमाबाईचा नवा जावई आला. तिची निशिगंधा पुण्यात नोकरीले हाय. तिनं नवरा केला कोल्हापूरचा, गजेंद्र नावाचा. पारावर इचारपूस झाली.

"जावई काय करते?"

"फुटबॉल खेळते."

"ते ठीक हाय वो रुखमाबाई, पण काम काय करते?"

"तेच काम हाय. क्लब पगार देते त्याले."

मंग कोणीतरी निशिगंधेलेच धरलं, की तो टीव्हीवर काऊन दिसत नाही? पोरगी सरळ, म्हणाली, "तो बहुतेक वेळा बाकावर असतो. राखीव खेळाडू आहे."

बाप्पा, काय आनंद झाला गावाले! बाकावर बसते! बसायचा पगार भेटते! शालिग्राम चावी टेकवून उभा होता, छाती काढून म्हणे, "मी जिंदगीत कधी बाकावर नाही बसलो." खरंच होतं ते. आमच्या टीमले बाकच नाही.

पण सांजच्याले माह्या दुकानात आला तवा त्याचं तोंड उतरलेलं होतं. म्हणे, "सहदेव, हा माणूस मले खेळताना पाह्यल. पाह्यलं की त्याले समजन."

"काय समजन?"

"बसचं."

मंग मले बी धडकी भरली. मॅच हारो नाहीतर जिंको, मले त्याचं काही नव्हतं. पण बावीस वर्सं ज्या गोष्टीवर हा माणूस ताठ चालला, ते गोष्ट एका घंट्यात उघडी पडणार होती. मी त्याले म्हटलं, पोट दुखते म्हणून घरी झोप. तं म्हणे, "एकबार गेटावरून परत आलो. दोनदा नाही येत."

मॅचच्या दिवशी मी स्वतः रुखमाबाईच्या अंगणात जाऊन मोजलं. जावयानं अकरा धोंडे खाल्ले. वाटीभर तूप वरून. माणूस नाही म्हणाले शिकलाच नव्हता, "बास, बास" म्हणे अन् खाय. पाच वाजता तो मैदानात आला. पांढरी पँट, गुलाबी शर्ट, टोपी, पायात सासऱ्यानं घेतलेल्या कोऱ्या चपला. त्या त्यानं काढून बाजूले नीट लावून ठेवल्या. आल्या आल्या ढेकर दिला. मी शालिग्रामले डोळा मारला, म्हटलं, हा गेला.

जावयाईच्या टीमचे कॅप्टन वामनराव. देऊळगाव राजाचे, रिटायर तलाठी, एकसष्ट वर्सांचे, दोन्ही गुडघ्याईनं राजीनामा दिलेला. आमच्यात ऑफसाइड नसते, म्हणून ते दर मॅचले माह्या गोलासमोर येऊन उभे राहतात अन् मले पोराच्या नोकरीचं सांगतात.

पह्यला बॉल शालिग्रामनं हाणला, उंच, त्याच्या घंटीवाल्या जातीचा. बॉल गजेंद्रकडं गेला. तो बॉलकडं पाहतच नव्हता! मान फिरवून इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् बॉल खाली आला तवा पाय उलसा मांगं घेतला. बॉल झोपला. मले एकदम अकोल्याचं ते काडीचं पोरगं आठवलं. मंग त्यानं पायानं हळूच टिचकी मारली. वीस-पंचवीस हातांवरून, आमच्या पाच माणसाईच्या मधातून, बॉल सरळ वामनरावाच्या उजव्या पायाले लागला अन् माह्या बाजूनं गोलात गेला. वामनराव अजून नोकरीचंच सांगत होते.

"काय झालं?" म्हणे.

"गोल केला तुमी!"

"मी?" अन् माणसाचा चेहरा असा फुलला की मले त्याच्यावर राग बी येईना.

त्याच्यानंतर काय सांगू? आमी बंदे बॉलच्या मांगं पळत होतो अन् तो चालत होता. मले मोठं दुःख हेच हाय, तो पळाला असता तरी चाललं असतं. तो आहेराची टोपी सांभाळत चालला! त्यानं स्वतः एक बी गोल मारला नाही. ज्याच्या पायात मधुमेहाची आग त्याच्या पायाले बॉल नेऊन दिला. जो मोबाइलवर बोलत होता त्याच्या गुडघ्यावर आपटून गोल काढला. पाय कुठंही राहो, बॉल त्या पायापाशी हजर. वामनरावाचे चार गोल झाले अन् ते एका जाग्यावरून हालले नव्हते. माही दीड हात अरुंद चौकट बी कामी नाही आली. सात गोल झाले अन् तवर शालिग्रामले जावयाच्या पायातून एकबार बी बॉल काढता आला नव्हता. तो डावीकडून गेला, उजवीकडून गेला, मांगून गेला. दर बारी जावई एक पाऊल बाजूले होय, अन् वरून म्हणे, "सांभाळून हं दादा." इतका नम्र! मारून टाकावा वाटे.

शेवटी शालिग्रामनं इचार सोडला. दूरून पळत आला अन् दोन्ही पाय पुढं करून घसरला, ते बी तापलेल्या भुईवर. मी डोळे मिटले. जावयानं बॉलसकट उलशी उडी घेतली. शालिग्राम खालून घसरत गेला, थांबला, अन् उठाले म्हणून हात टेकले ते नेमके जावयाच्या पायावर.

मैदानाबाहेरून आवाज आला, "अबे, न पाडता पाया पडला!"

बंदं गाव हासलं. मी हासलो नाही, अन् जावई बी हासला नाही. त्यानं शालिग्रामले हात देऊन उठवलं, त्याचं कोपर खरचटलं होतं ते पाह्यलं, अन् आहेराची कोरी टोपी काढून त्याच्यावर दाबून धरली.

मॅच झाली. जावयाईनं वामनरावाले खांद्यावर घेतलं, अन् गुडघे दुखतात म्हणून लगेच खाली बी ठेवलं. बंदे कडुलिंबाखाली बसले, सरबत आलं. चार गोल मारून वामनरावाले जोर चढलेला. त्याईनं बंद्याईसमोर इचारलं, "जावईबापू, तुमी जाणकार. आमच्या कॅप्टनची बस त्या दिवशी बंद पडली नसती, तं हा कुठवर गेला असता?"

शालिग्राम भुईकडं पाहून राह्यला. बायाईच्या घोळक्यात रेणुकावहिनी उभ्या होत्या, त्या बी थबकल्या.

गजेंद्रनं ग्लास खाली ठेवला. मंग म्हणाला, "मी आठव्या वर्षापासून रोज दोन वेळा हेच करतोय. माझ्या जागेवर जो मुलगा खेळतो ना, सरावात आठवड्यातून एकदा जरी मला त्याच्याकडून बॉल काढता आला, तर मी निशिगंधाला फोन करून सांगतो. आणि तो ज्यांच्याकडून बॉल काढू शकत नाही, अशीही माणसं आहेत. दादांचं मी काय सांगू? दादांना तर—"

"बस टायमावर पोचली होती," शालिग्राम म्हणाला.

कोणाले समजलंच नाही. तो उभा राह्यला. कोपरावर ते टोपी तशीच धरलेली. "बाळापूरले काही नाही झालं. आमी अकोल्याले पोचलो, गेटावरून पोरं पाह्यले, अन् मी भेलो. आत गेलोच नाही. बावीस वर्सं खोटं बोललो मी."

मले वाटलं, आता संपलं. आता कोणी दगड मारंल, नाहीतर थुंकंल. अन् झालं काय?

"ऊन लागलं त्याले," एक म्हातारी म्हणाली.

"हाव ना, पाहा ना कसा बरळून राह्यला! कांदा आणा वो कोणी!"

"अबे, बस बंद पडली होती," मांगून एक जण ठासून म्हणे. "माहा आतेभाऊ होता त्या बसमध्ये. फॅनबेल्ट तुटला होता. त्यानं स्वतः धक्का मारला!"

माह्या फॅनबेल्टाले धक्का मारणारा आतेभाऊ! मले राहवलं नाही. मी उठलो, "खरं सांगून राह्यला तो! मी होतो त्याच्यासंगं, मीच सांगतो—"

"ह्याले बी लागलं ऊन. दोन कांदे आणा."

अन् आणले, आईशप्पथ! आमाले दोघांले झाडाखाली आडवं पाडलं, तळपायाले कांदा चोळला, डोक्यावर पाणी ओतलं. तोंड उघडलं की कोणी तोंडात गूळपाणी घाले. शालिग्राम ओरडते, "अबे, खरं हाय!" अन् चार जण त्याचे पाय धरून म्हणतात, "हाव कॅप्टन, हाव, पडून राहा." वामनराव गजेंद्रले समजावून सांगून राह्यले, "लय मोठा खेळाडू होता हो. नशीब फुटकं." अन् तो जावई, कोल्हापूरचा शहाणा माणूस, बंद्याईकडं एक नजर टाकून म्हणाला, "हो, दिसतंच आहे. बस बंद पडायला नको होती." म्हटलं ना मी, नाही म्हणाले शिकलाच नव्हता.

दिवस बुडता बुडता मी शालिग्रामले घरी घेऊन गेलो. दोघांच्या बी अंगाले कांद्याचा वास. वहिनीनं ओट्यावर चहा आणून ठेवला. शालिग्रामनं कपाले हात लावला नाही. म्हणे, "रेणुका, गावाचं जाऊ दे. तू तरी ऐक. मले ऊन नाही लागलं. बस खरंच—"

"मले माहीत हाय," वहिनी म्हणाल्या.

"काय माहीत हाय?"

"त्या बसचा कंडक्टर माहा मामा होता. जाताना तोच, येताना तोच. आल्यावर त्यानं घरी सांगतलं, दोन पोरं बुटाची पिशवी घेऊन गेले अन् तशीच पिशवी घेऊन परत आले, एक बी बोलेना. मंग तुमी मले पाहाले आले अन् पोहे खात तेच बस बंद पाडली."

मी म्हटलं, "वहिनी, तवा तुमी पदरात तोंड घालून रडल्या ना?"

"हासली होती मी, भाऊजी! फॅनबेल्ट म्हणताना ह्यांचे कान लालबुंद झाले होते."

शालिग्राम म्हणे, "अन् मामा? लग्नात होता तो?"

"माह्या मांगं उभा होता, मामाच्या जागेवर. खाकी नव्हती अंगात तं तुमच्यापैकी कोणी ओळखलं नाही."

"मंग हो काऊन म्हणली तू? खोटारडा माणूस माहीत असून?"

वहिनीनं कप उचलून त्याच्या हातात दिला. "ज्याले खोटं बोलता येत नाही, तो माणूस चालते, म्हटलं. एक दिवस आपण होऊन सांगन." मंग म्हणाल्या, "बावीस वर्सं लागतील असं नव्हतं वाटलं."

शालिग्राम रडला. मी पाह्यलं, अन् मी बी रडलो, कांद्याचं नाव पुढं करून. वहिनीनं आमाले दोघांले रडू दिलं. मंग भिंतीले टेकवलेली ते लोखंडी चावी आणून त्याच्यापुढं ठेवली.

"चला, उठा आता. बाया केव्हाच्या भांडे लावून बसल्या."

तो उठला. गल्लीच्या तोंडाशी पोचला नसंल, तं तिकडून आवाज आला, "कॅप्टन आला वो!" तो तठीच थबकला, मांगं वळून वहिनीकडं पाह्यलं, अन् मंग गेला पाणी सोडाले.